चोथ्यावरचं पाऊल

“मागं वळून बघायचं नाही गं, सूयिन. ज्याचं पाऊल पडेल, त्याच्याबरोबर जाईल दुखणं.”

काढ्याचा चोथा रस्त्यावर ओतताना आई असं म्हणायची. आई जाऊन वर्षं लोटली. आवाज तेवढा मागं राहिला, विझल्या चुलीतल्या उबेसारखा.

नवरा वेनगुई तापानं गेला, टेकडीवर त्याला माती दिली, आणि सूयिनची झोप उडाली. चीनमधल्या शाओशिंगच्या कालव्याकाठी तिचं वाफेच्या पावांचं दुकान. पेंगता पेंगता एकदा हात वाफेत गेला, कोपरापर्यंत भाजला. पुन्हा तसं झालं तर दुकान मिटवावं लागेल, हे तिला कळत होतं.

तांग वैद्यांनी मनगटात, घोट्यात सुया टोचल्या. “सुई बघून डोळे गच्च मिटतेस. रात्री काय होतं त्यांना?” असं म्हणत आंबट बोरांच्या बियांचा काढा दिला.

चोथा तिनं आईच्या रीतीनं दारापुढच्या फरशीवर ओतला. त्या रात्री झोप आली ती उशीवर लाळ गळेपर्यंत.

“वहिनी, चोथा पुलापाशी टाका की,” खालच्या खोलीत राहणारी नणंद चाओदी म्हणाली.

“तिथं सगळी स्कूटरवरनं जातात. चाकाला काय दुखणं चिकटणार?”

“म्हणून गिऱ्हाइकांना द्यायचं?”

“चिमूट चिमूट वाटून जाईल गं.”

चाओदी हसली नाही. हल्ली तीच पहाटे उठून दार झाडायची.

एका पहाटे सूयिन तिच्याआधी खाली उतरली, तशीच अंधारात. दार उघडलं. बघायचं नाही ते बघितलं.

चोथ्यात एकच पाऊल उमटलं होतं. अनवाणी. डावं. करंगळी नसलेलं.

वेनगुईची करंगळी नावेच्या दोरात तुटली होती.

टाच रस्त्याकडे होती, बोटं घराकडे.

ती मागं फिरली. तेवढ्यात चाओदी दिवा लावून जिन्यावर येऊन बसली होती, हातात ओलं फडकं. पायरीपायरीवर काळपट ओल, बोराच्या बियांची टरफलं.

“कधीपासून?”

“तुम्हाला झोप लागायला लागली तेव्हापासून.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही झोपत होता, वहिनी.” चाओदीनं फडकं पिळलं.

“वर जाणारी पावलं मी रोज पुसते. खाली येणारी अजून एकदाही पुसावी लागली नाहीत.”