यंत्राला सांगितलेली वेळ

फोन हवालदारानं उचलला. पलीकडची बाई इतक्या सपाट आवाजात बोलत होती, की कुणाचं तरी पाकीट हरवलंय असंच त्याला आधी वाटलं.

"आमचे हे जिन्याखाली पडलेत," ती म्हणाली. "अंग गार लागतंय. तुम्ही या."

इन्स्पेक्टरबाई पोचल्या तेव्हा उजेड जेमतेम उरला होता. बैठं घर, मागच्या अंगाला गॅरेज, गॅरेजवर एक खोली आणि खोलीला बाहेरून चढणारा उभट लोखंडी जिना. जिन्याच्या तळाशी एक म्हातारे गृहस्थ कुशीवर पडले होते. स्वेटरची कोपरं विरलेली. डोक्याखालचं रक्त वाळून काळं पडलेलं.

बाईंनी वाकून पाहिलं आणि आपल्याला काही वाटतंय का, याची वाट पाहिली. काही वाटलं नाही. या वर्षी वडील गेले तेव्हापासून त्यांचं असंच चाललं होतं. कामं सगळी नीट व्हायची. मन मात्र झोपेत अंगाखाली दबलेल्या हातासारखं झालं होतं. आपलंच, पण आपलं न वाटणारं.

मृताची बायको खालच्या पायरीवर बसली होती. शेजारी तिचा धाकटा भाऊ उभा होता. अंगात सूट, कोटावर कसल्याशा कार्यक्रमाचा बिल्ला.

"काकू, तुम्हीच पाहिलंत पहिल्यांदा?"

"हो. वाचनालयातून आले. तिथेच असते दिवसभर. आले तर हे इथे. आधी तुम्हाला फोन केला, मग याला."

"यजमान काय करायचे?"

"वरच असायचे. जुन्या यंत्रात."

"भावोजी सरकारी कॉम्प्युटर सेंटरचे प्रमुख होते, मॅडम," भाऊ म्हणाला. "सगळे चीफच म्हणायचे त्यांना. मी पाणी खात्याच्या प्रयोगशाळेत होतो. चला, खोली दाखवतो."

खोलीत एकच टेबल, त्यावर एक साधा कॉम्प्युटर. फळ्यांवर जेवणाच्या ताटाएवढाली टेपची रिळं. त्यातल्या एका रिळाची जागा रिकामी होती. तिथली धूळ नुकतीच पुसली गेली होती. भिंतीवरचं कॅलेंडर अठ्ठावीस वर्षांपूर्वीचं होतं, पण पान मात्र चालू महिन्याचं लावलेलं. कॉम्प्युटर सुरूच होता. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं.

"हे बघा." भावानं पडद्यावर बोट ठेवलं. "यंत्र सुरू केलं की ही ओळ येते. आजची तारीख, आजचं साल, वेळ दुपारचे चार. म्हणजे चार वाजता भावोजी ठणठणीत होते. नंतर उतरताना पाय घसरला असणार. जिना कसला, सापळा आहे नुसता. कितीदा सांगितलं त्यांना."

"तुम्ही कुठे होतात चार वाजता?"

"माझं व्याख्यान होतं. स्वच्छ पाण्यावर. दोन वाजल्यापासून सभागृहात, ते थेट ताईचा फोन येईपर्यंत. समोर दोनेकशे माणसं होती, विचारा कुणालाही."

"त्याआधी?"

"बाराच्या सुमारास इथेच डोकावलो होतो. पाच मिनिटं. चांगले हसून बोलले." त्यानं टेबलाखालच्या बटणाकडे हात नेला. "बंद करू का हे? उगाच वीज जळतेय."

"राहू दे."

काकू दारात उभ्या होत्या. जिना कधी चढून आल्या, कळलंच नव्हतं.

"ताई, आता काय उपयोग..."

"राहू दे म्हटलं ना. ह्यांनी लावलंय ते."

आवाज चढला नव्हता. पण भावाचा हात मागे आला.

बाईंनी यंत्र तसंच सुरू ठेवून खोलीला सील लावलं.

*

"पडूनच गेलेत," डॉक्टर सकाळी फोनवर म्हणाले. "दुपार ते संध्याकाळ, मधे केव्हाही. थंडी अशी, याहून नेमकं सांगता यायचं नाही. आणि दंडावर बोटांचे वळ आहेत. कुणीतरी गच्च धरलं होतं."

"पडल्या पडल्या गेले?"

"नाही. तासभर तरी होते. कुणी वेळेवर आणलं असतं तर बहुतेक वाचले असते."

बाईंनी ते ऐकलं, मान हलवली, फोन ठेवला आणि समोरचा गार चहा पिऊन टाकला. चव लागली नाही.

काकूंना त्यांनी रिकाम्या जागेबद्दल विचारलं.

"तिथलं रीळ ना? पाणी खात्याचं. परवा रात्रीपर्यंत होतं. त्यात काहीतरी सापडलं म्हणाले. जेवलेच नाहीत नीट."

"काय सापडलं?"

"ते नाही सांगितलं. मास्तरांशी मात्र कडाक्याचं भांडले त्यावरून."

मास्तर म्हणजे कॉलेजात कॉम्प्युटर शिकवणारे एक टक्कल पडलेले, बडबडे गृहस्थ. चीफचे या छंदातले जोडीदार. बाईंनी त्यांना खोलीतच बोलावून घेतलं. ते आले आणि चीफच्या खुर्चीत न बसता शेजारच्या स्टुलावर बसले.

"हे नक्की आहे काय, मला सोपं करून सांगा."

"पूर्वीचं यंत्र म्हणजे हॉलभर कपाटं, मॅडम. ते केव्हाच भंगारात गेलं. पण त्यावर चालणारी सिस्टिम टेपवर उरली. मग आम्ही या साध्या कॉम्प्युटरला जुन्या यंत्राचं सोंग घ्यायला लावलं. आतल्या सिस्टिमला पत्ताच नाही. तिला वाटतं, आपण अजून त्याच हॉलमध्ये आहोत." ते क्षीण हसले. "पैशाचं सोंग आणता येत नाही म्हणतात. चीफनं लोखंडाचं आणून दाखवलं."

"भांडण कशावरून झालं?"

हसू मावळलं. "मी म्हणत होतो, टेपवर सापडलंय ते आजच जगापुढे ठेव. तो म्हणाला, थांब, आधी एका माणसाला तोंडावर विचारतो. घरचा मामला आहे."

"कोण माणूस?"

"तेच सांगेना. म्हणून तर भांडलो."

"टेप नाहीये आता."

"नसू दे. टेप म्हणजे टरफल. आतले दाणे आम्ही केव्हाच यंत्रात उतरवून घेतलेत."

"सापडलं होतं काय?"

मास्तरांनी सांगितलं. बाईंनी मधे एकदाही न बोलता ऐकून घेतलं. मग भिंतीकडे पाहिलं.

"कॅलेंडर जुनं का?"

"ती आमची युक्ती. ही सिस्टिम गेल्या शतकातली. सालाचे शेवटचे दोनच आकडे तिला कळतात. आजचं साल दिलं की चळते, कामं अर्धवट टाकते. म्हणून सुरू करताना ती तारीख-वेळ विचारते, तेव्हा चीफ अठ्ठावीस वर्षं मागचं साल द्यायचा. वार आणि तारखा तंतोतंत जुळतात. हात सवयीनंच..." मास्तरांची नजर पडद्याकडे गेली आणि ते उठून उभेच राहिले. "अहो, पण हे तर..."

बाईंनी हात वर केला. "एवढ्यात नको. आधी एक करा. या यंत्राला आत्ता किती वाजलेत ते विचारा."

मास्तरांनी दोन अक्षरं टाइप केली. उत्तर आलं. बाईंनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं, पुन्हा पडदा पाहिला.

"कुणापाशी बोलू नका," त्या म्हणाल्या. "आणि तो प्रोग्राम अजून चालतो का बघून ठेवा."

"चालतो म्हणजे? धावतो."

*

दुपारी खोलीत पाच जण होते. काकू खुर्चीत, भाऊ खिडकीशी, मास्तर टेबलापाशी, दारात हवालदार. बाई उभ्याच होत्या.

"भाऊ, तुम्हाला हे यंत्र सुरू करता येतं?"

"छे हो. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. आमच्या वेळी प्रोग्रामची भोकं पाडलेली कार्डं खिडकीतून आत द्यायची आणि छापलेला कागद बाहेर घ्यायचा. आतला कारभार आतल्यांनाच ठाऊक."

"पण सुरू केल्यावर कोणती ओळ येते, ते तुम्हीच मला दाखवलंत."

"पाहिलंय ना. पाहुणे आले की भावोजी हौसेनं दाखवायचे."

"मग हेही पाहिलं असेल, की हे यंत्र सुरू होताना वेळ विचारतं. आणि सांगाल ती वेळ खरी धरतं."

भाऊ खिडकीकडे वळला.

"पडद्यावर काल चारची वेळ होती. चीफ चार वाजता जिवंत होते, याला तेवढाच पुरावा. आणि तो मला तुम्ही दिलात. पण त्या ओळीत आजचं साल होतं. चीफ ते कधीच देत नसत. भिंतीवरचं कॅलेंडर त्यासाठीच आहे. म्हणजे यंत्र त्यांनी सुरू केलेलं नाही."

"मग मास्तरांनी केलं असेल! भांडण त्यांचं झालं होतं."

"मास्तरांनाही सालाची गोष्ट माहीत आहे. शिवाय रीळ नेऊन उपयोग नाही, हेही माहीत आहे. रीळ नेलं ते अशा माणसानं, ज्याला वाटलं की रीळ गेलं म्हणजे सगळं गेलं. यंत्राचं अर्धंच ज्ञान असलेल्या माणसानं." बाई मास्तरांकडे वळल्या. "विचारा पुन्हा वेळ."

मास्तरांनी विचारलं. उत्तर आलं.

"हे यंत्र चार तास पुढे आहे," बाई म्हणाल्या. "काल ज्या क्षणी कुणीतरी त्याला चार वाजले म्हणून सांगितलं, त्या क्षणी खरे बाराच वाजले होते. सोंग घेणाऱ्या या साध्या कॉम्प्युटरची स्वतःची नोंदही बाराचीच आहे. बारा वाजता इथे कोण होतं, ते त्यानं स्वतःच मला सांगितलंय. यंत्र बंद झालं असतं तर हा फरक पुसला गेला असता. उरली असती ती नुसती चारची ओळ, आणि ती तर मी डोळ्यांनी पाहिली होती. म्हणून तुमचा हात बटणाकडे गेला. काकूंनी अडवलं."

काकूंनी भावाकडे पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता, काहीच नव्हतं.

"का?" त्यांनी विचारलं. भावाला नाही, बाईंना.

"दाखवा, मास्तर."

मास्तरांनी जुना प्रोग्राम सुरू केला. "कारखान्याजवळच्या वस्तीच्या विहिरींचे अहवाल यातून छापले जायचे," ते म्हणाले. "विहिरीच्या पाण्यात किती शिसं सापडलं, तो आकडा द्यायचा. मी मर्यादेच्या नऊपट देतो." कळा दाबल्या. पडद्यावर अहवालाची ओळ उमटली. शिसं मर्यादेपेक्षा किंचित कमी. पाणी पिण्यायोग्य.

त्यांनी वीसपट दिलं. पिण्यायोग्य.

"हवं ते द्या," मास्तर म्हणाले. त्यांची बडबड कुठल्या कुठे गेली होती. "हा तेच म्हणतो."

"प्रोग्राम प्रयोगशाळेत लिहिला गेला," बाई म्हणाल्या. "प्रयोगशाळेच्या प्रमुखाच्या हातचा. त्या वस्तीतली पोरं चालायची उशिरा, बोलायची उशिरा. काही बोललीच नाहीत. वस्तीचा खटला अजून चालू आहे आणि पाणी स्वच्छ होतं असं सांगणारा मुख्य साक्षीदार म्हणजे तोच प्रमुख, तुमचा भाऊ. चीफनी त्यालाच तोंडावर विचारायचं ठरवलं."

भाऊ खिडकीबाहेर बघत होता. "वरून आदेश होता," तो म्हणाला. "कारखाना बंद पडला असता. अर्धं गाव तिथे कामाला. मी ते भावोजींना समजावत होतो. ते म्हणाले, कोर्टात जाऊन तूच सांग, नाहीतर मी सांगतो. जिन्यावर मी त्यांचा हात धरला. त्यांनी झटकला. मी... जोर लागला जरा. मारायचं नव्हतं मला."

"पडल्यावर ते जिवंत होते," बाई म्हणाल्या.

भावानं खिडकीच्या चौकटीला हात टेकवला.

"डॉक्टरांना फोन करायच्या ऐवजी तुम्ही वर आलात. रीळ घेतलंत. यंत्र लावलंत. मग परत त्यांच्याच अंगावरून खाली उतरलात आणि व्याख्यानाला गेलात."

"काही बोलले का ते?" काकूंनी विचारलं.

"ताई..."

"बोलले का?"

"पाणी मागत होते."

मग हवालदार पुढे झाला आणि त्यानं भावाच्या दंडाला धरलं. दारातून जाताना भाऊ एकदा थांबला. काकूंनी पाय थोडे आत घेतले, वाटेत येऊ नयेत म्हणून. तेवढंच.

जिन्यावरून दोघांच्या बुटांचा आवाज खाली खाली जात राहिला. मास्तर डोळे पुसत होते. त्यांना कोर्टात यावं लागेल, हे यंत्र तिथे न्यायाधीशांसमोर चालवावं लागेल, असं बाईंनी सांगितलं. ते हो म्हणाले आणि निघून गेले.

दबलेल्या हातात रक्त परतताना मुंग्या याव्यात, तसं बाईंना आत कुठेतरी टोचलं. फार दिवसांनी. त्यांनी ते कुठे जातंय याची वाट पाहिली. ते गेलं नाही.

"काकू," त्या म्हणाल्या, "आज एकट्या राहू नका. सोबतीला कुणी आहे का तुम्हाला? जवळचं?"

काकूंनी थोडा वेळ खरंच विचार केला.

"भाऊ होता," त्या म्हणाल्या.

बाईंनी खालच्या गाडीला जायला सांगितलं आणि त्या मास्तरांचं स्टूल ओढून काकूंजवळ बसल्या.