आप्तस्वर

कारखान्याच्या सखल वस्तीत आता भोंगा वाजत नसे. संकट आलं की भिंतीवरचा डबा बोलायचा, आणि तोही त्या घरातल्या माणसांचा ज्याच्यावर सर्वांत जास्त भरवसा, त्याच्याच आवाजात. याला म्हणत आप्तस्वर. सोय बघा कशी! वत्सला हिरवेच्या आईच्या घरी तो वत्सलाच्या आवाजात बोलला होता, "आई, दार लाव. आतच बस."

कारखान्यातून वायू गळत होता. जड वायू सखल जागी साचतो, म्हणजे टेकडीवर जायला हवं होतं. म्हातारी लेकीचा शब्द मानून बसून राहिली आणि मरता मरता वाचली. वत्सला तेव्हा तालुक्याला होती. तिने तोंडातून अवाक्षरही काढलं नव्हतं.

म्हणूनच ती तणतणत माळावरच्या प्रयोगशाळेत आली होती. आप्तस्वराचे जनक डॉ. ओगले कुंपणापाशी उभे होते. आत आफ्रिकेच्या गवताळ मैदानांतली तांबूस, लांब पायांची पाटास माकडं जमिनीवर बिया वेचत होती.

कुंपणाबाहेर एक कुत्रं आलं. कळपातला एकुलता मोठा नर भुंकला. माद्या पिल्लांना पोटाशी धरून गवतात दडल्या, हूं नाही की चूं नाही.

"परक्या नराची हाक ऐकवली तर ढुंकून बघत नाहीत," ओगले म्हणाले. "हाक कुणाची, यावर सगळं असतं, बाई. तेवढंच मी यंत्रात उतरवलं."

"आणि तो नर कुठाय आता?"

नर उघड्यावर, कुत्र्याच्या डोळ्यांसमोरून सुसाट पळत होता. कुत्रं माद्यांना सोडून कुंपणाबाहेरून त्याच्या मागे लागलं होतं.

"बघितलंत? बसा म्हणाला आणि स्वतः मरायला पुढे झाला! तुमचे कारखान्याचे साहेब कुठे धावले हो? लोक रस्त्यावर आले तर बोभाटा होईल, म्हणून माझ्या तोंडाने माझ्याच आईला कोंडलंत. लाज नाही वाटत?"

तेवढ्यात ओगल्यांचा फोन किणकिणला. वाचताना त्यांचा चेहरा उतरला. "पुन्हा गळती."

वत्सलाने आईला फोन लावला. "आई, बाहेर पड! टेकडीवर जा, आत्ताच्या आत्ता!"

पलीकडे आधी खोकल्याची उबळ आली. मग आईचा संतापलेला आवाज. "मुडद्या, डबा फोडला तर आता फोनात शिरलास? पुन्हा माझ्या लेकीचा आवाज काढतोस? आता नाही फसायची मी. ती स्वतः दारात येऊन उभी राहील, तेव्हाच हलेन."

फोन बंद झाला.

"बाई, तिकडे वायू आहे!" ओगले ओरडले.

वत्सला वस्तीच्या दिशेने धावत सुटली होती.