आतून उघडणारे दार

वाहन तपासणी केंद्रातला नवा तपासनीस आमच्या गाडीच्या मागच्या सीटवर बसून पट्टे ओढून बघत होता. तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला आणि दार धाडकन लागले. त्याने आतली मूठ ओढली. मग पलीकडच्या दाराची ओढली. मग काचेतून माझ्याकडे पाहिले, आधी अधिकाराने, नंतर जरा विनंतीने.

मी हाताची घडी घालून उभी होते. हसू आवरणे मला कधीच जमलेले नाही.

"दार उघडा!" विहिरीतून यावा तसा त्याचा आवाज आला.

"पोलिसांची गाडी होती, साहेब. हिच्यात मागे बसलेला माणूस आपणहून उतरत नाही, त्याला उतरवावं लागतं."

मी बाहेरून दार उघडले. तो उतरला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. त्याने शर्ट सारखा केला आणि म्हणाला, "नापास."

"काय?"

"मागची दारं आतून उघडत नाहीत. असा दोष सापडला की पुढची तपासणी थांबते. दुरुस्त करून आणा."

"अडकलात म्हणून सूड उगवताय?"

"अडकलो म्हणून खात्री पटली," तो म्हणाला. आणि त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हलले… जे मी घरी जाताना उगाचच आठवत राहिले.

ही गाडी बाबांनी पोलीस खात्यात असताना चालवली होती. एवढ्या धावेत चंद्रावर पोचलो असतो, असे ते म्हणत. आणि धावेच्या आकड्यात न मावणारी झीज वेगळीच होती. नाकाबंदीला ती इंजिन चालू ठेवून तासन् तास उभी राहिलेली. बाबा निवृत्त झाले, गाडीही झाली. लिलावात त्यांनी तिला घरी आणले. त्यांचा गुडघा साथ देईना, म्हणून ते स्टुलावर बसून सूचना करत आणि पान्हा माझ्या हातात असे. मेकॅनिकचा अभ्यासक्रम पुरा करून मी नुकतेच गॅरेज उघडले होते. टपावरच्या दिव्याची भोके मी बुजवली, सायरनच्या मेलेल्या तारा उपसून काढल्या, इंजिन खोलून पुन्हा बांधले. अक्षरे खरवडली होती, तरी तिरप्या उन्हात दारावर 'पोलीस' अजून वाचता येई आणि आमच्या पुढची वाहने एकाएकी शिस्तीत चालू लागत.

राहिली ती मागची दारे. बाबांना तो दोष वाटलाच नव्हता. त्यांच्या लेखी पोलीसगाडीचे मागचे दार आतून उघडणे, हाच दोष.

तीनदा नापास झालेली जुनी गाडी थेट भंगारात जाते. माझ्या हातची पहिली गाडी, बाबांची सगळी नोकरी… ती भंगारात जाऊ देणे मला शक्य नव्हते.

दारांच्या कड्या बदलून मी पुन्हा गेले. या वेळी त्याने दार लावून घेण्याआधी माझ्याकडे पाहिले.

"उघडेल ना?"

"बसून बघा."

उघडले. मग चाके ब्रेक तपासणाऱ्या रोलरवर चढली आणि त्याचा चेहरा गंभीर झाला. "ब्रेक सोडल्यावरही डावं चाक धरून राहतंय."

"म्हणजे?"

"नापास," तो हळूच म्हणाला. पहिल्यापेक्षा त्यालाच ते जड गेलेले दिसले. मला मात्र त्याची कीव करायला सवड नव्हती.

सुट्टीच्या दिवशी तो गॅरेजच्या दारात स्कूटर घेऊन उभा. बाहेर पावसाची भुरभुर होती आणि पत्र्यावर मंद टपटप चालली होती.

"आवाज येतोय… कुठून तरी," तो म्हणाला.

बाबांनी स्टुलावरूनच स्कूटर चालू करायला लावली, डोळे मिटून ऐकले. "हिला काहीही झालेलं नाही. आवाज दुसरीकडून येत असेल."

मी गाडीखाली होते, म्हणून माझा चेहरा कोणाला दिसला नाही.

तो उलट्या खोक्यावर बसला. मी ब्रेकचे पॅड बदलले होते, पिना घासून वंगण दिले होते. तरी चाक मोकळे होत नव्हते. त्याने चाक हाताने फिरवून पाहिले. मग वाकून म्हणाला, "सांगू का… मला काय वाटतंय ते?"

"नको."

"का?"

"तुम्ही सांगितलंत तर गाडी तुमची पास होईल. मला माझी पास करायची आहे."

"फौजदार आहे ती," बाबा म्हणाले. "मी घरात असंच म्हणतो तिला."

"बरोबर म्हणता," तो म्हणाला आणि मुकाट्याने विजेरी धरून बसला; मला हवा तिथे उजेड. त्या उजेडात मला चाकाकडे जाणारी रबरी नळी दिसली. बाहेरून ठणठणीत. मी ती काढून चिरली, तर आतून फुगलेली! दाबाने तेल पुढे जात होते, पण परत येताना वाटेत अडत होते.

मी नळी त्याच्यापुढे नाचवली. "हेच वाटत होतं ना?"

"नाही," तो प्रामाणिकपणे म्हणाला. "मी चुकलो असतो." आणि माझ्याकडे असा बघत राहिला, की काळे हात कुठे लपवावेत ते मला कळेना.

तिसऱ्या वेळी मी बाबांना घेऊन केंद्रावर गेले. तो पुढे आला; पण किल्ली त्याने घेतली नाही.

"तुमची तपासणी मोठे साहेब करतील."

मोठ्या साहेबांना सगळे पाठीमागे 'नापासकर' म्हणत. माझा संताप झाला. "शेवटच्या खेपेला अंग काढून घेताय?"

"नियम आहे. जवळच्या माणसाची गाडी तपासता येत नाही."

"आपण जवळचे कधी झालो?"

"तुमचं मला माहीत नाही… माझ्या बाजूने झालंय. सकाळीच साहेबांना सांगून टाकलं."

"मला सांगायच्या आधी?"

"आधी मी सही केली असती आणि मग तुम्हाला सांगितलं असतं, तर तुम्हाला जन्मभर शंका राहिली असती," तो म्हणाला, "गाडी पास झाली, की तुम्ही."

मी किल्ली नेऊन मोठ्या साहेबांच्या हातात ठेवली.

नापासकरांनी काहीही सोडले नाही. टप ठोकून पाहिला. मागे बसून दोन्ही दारे लावली आणि आतून उघडली. गाडी रोलरवर घेतली. ब्रेकचा जोर दाखवणारे दोन्ही काटे एकदम चढले, ब्रेक सोडताच एकदम शून्यावर आले.

"काम कोणी केलं?" त्यांनी विचारले.

बाबा बाकावरून उठले. दुखऱ्या गुडघ्यावर भार देऊन ते ताठ उभे राहिले, परेडला राहत तसे.

"माझ्या मुलीने, साहेब."

"असं काम रोज बघायला मिळत नाही," नापासकर म्हणाले. "पास."

मी गाडीच्या टपावर तळहात ठेवला. पत्रा उन्हाने तापला होता. काचेच्या खिडकीपलीकडे तो दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीपाशी उभा होता. कानाच्या पाळ्या लाल.

त्याचे काम संपेपर्यंत आम्ही फाटकाबाहेर थांबलो. थांबायचे कारण बाबांनी विचारले नाही. तो बाहेर आला तसे त्यांनीच मागच्या दाराकडे बोट केले. "बसा. वाटेत सोडतो."

मी सावकाश चालवली, अगदी सावकाश. आरशात तो दिसत होता आणि इंजिन सुतासारखे सरळ चालले होते. त्याच्या कोपऱ्यावर मी गाडी थांबवली.

"तुमचं घर आलं. दार आता आतून उघडतं."

"माहीत आहे," तो म्हणाला.

मुठीवर ठेवलेला हात त्याने काढून घेतला.

मी आरशात पाहिले. त्यानेही. "माझ्या बाजूनेही… झालंय," मी म्हणाले.

बाबा समोर रस्त्याकडे बघत होते. मागच्या सीटवरचे काहीही ऐकू न येण्याची सवय त्यांना नोकरीतच लागलेली.

"फौजदार," ते म्हणाले, "आरोपी उतरायला तयार नाही. गाडी घराकडे घ्या."