कोमट पाण्यातला अटलांटिक

"कुणी केलं हे?"

सासऱ्यांचा आवाज असा फुटला, की सुनेच्या काळजात चर्र झालं! भांड्यातल्या कोमट पाण्यावर त्यांचा लाडका लिफाफा तरंगत होता आणि सुटलेलं तिकीट कडेला लागलं होतं... सासूबाई टॉवेल आणायला नुकत्याच आत गेल्या होत्या.

"मी," सून म्हणाली.

सासरे निवृत्त चष्मेवाले. जन्मभर अख्ख्या गावाला नीट दिसावं म्हणून झटले. घरातलं पाहायचं तेवढं राहून गेलं. त्यांचा जीव आगबोटींतून अटलांटिक ओलांडून आलेल्या, दीडशे वर्षांपूर्वीच्या लिफाफ्यांत. लग्नानंतर त्यांनी सुनेच्या हाती भिंग देऊन म्हटलं होतं, "बघ, अर्धा शिक्का तिकिटावर, अर्धा कागदावर. तिकीट सोडवलं, की प्रवासच पुसला!" ती थक्क होऊन बघतच राहिली होती... डोंगराएवढ्या लाटा, कोळशाचा धूर, आणि त्यातून कोरडा पोहोचलेला हा तळहाताएवढा जीव! महासागराला जे जमलं नाही, ते आता स्वयंपाकघरातल्या भांड्याने करून दाखवलं होतं.

त्या दिवसापासून सासरे सुनेशी बोलत, ते भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून. "चहा झाला असेल, तर बरं होईल." घड्याळ चहा देत नसे, सून देई, आणि पदराने डोळे टिपी. सासूबाईंचं विसरणं हा आजार आहे, हे डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं, आणि सासूबाईंनी तिचे हात धरून विनवलं होतं, "ह्यांना कळू देऊ नकोस गं... खचतील ते!"

पुढे त्या हे विनवणंही विसरल्या.

वर्ष उलटलं. एका दुपारी सासरे स्वयंपाकघरात आले, तर सासूबाई बाह्या सरसावून, लिफाफे आणि कोमट पाण्याचं भांडं पुढ्यात घेऊन बसलेल्या!

"अहो, या ना! मागच्या वेळी एकच तिकीट सोडवून दिलं तुम्हाला. आज सगळी सोडवते!"

सासऱ्यांनी बायकोकडे पाहिलं. मग सुनेकडे. तिची मान खाली गेली.

"म्हणजे तेव्हाही...? पोरी, बोलली का नाहीस?"

"त्यांना शब्द दिला होता, बाबा..."

सासूबाईंचा चेहरा कावराबावरा झाला. "माझं काही चुकलं का हो?"

सासरे आत गेले. परतले, तेव्हा त्यांच्या हातात संग्रहातला सर्वांत जुना लिफाफा होता, ज्यावर श्वाससुद्धा पडू नये म्हणून ते तोंड फिरवून शिंकत, तोच! बायकोशेजारी बसून त्यांनी तो हळुवारपणे पाण्यात सोडला.

"चुकतंय कसलं? हा राहिला होता की!"

कागद भिजला... तिकीट सुटलं... सासूबाई लहान मुलीसारख्या हसल्या. सून पाहत होती. केवढा समुद्र होता या माणसाच्या पोटात!

सासऱ्यांनी ओले हात वर धरले, घड्याळाकडे पाठ केली आणि थेट तिच्या डोळ्यांत पाहिलं.

"सूनबाई, टॉवेल आणतेस? आणि ये, बस आमच्याजवळ."

घड्याळ बिचारं एकटंच टिकटिकत राहिलं.