श्रीखंडाच्या डब्यांतले नमुने

"रिपोर्टवर सही होईपर्यंत कुणाला दोषी म्हणायचं नाही, योगिनी. मनातसुद्धा नाही."

तिला काम शिकवणाऱ्या गोजरा मॅडम निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती; पण सीवूड्सच्या त्या छोट्याशा लॅबमध्ये हातमोजे चढवताना योगिनीला रोज त्यांचा मऊ, ठाम आवाज ऐकू यायचा. ती मनोमन 'हो' म्हणायची, गणपतीचं नाव घ्यायची आणि कामाला लागायची.

त्या सोमवारी मान वर केली, तर काउंटरपलीकडे एक उंच, सावळा तरुण उभा. हातात पिशवी, पिशवीत श्रीखंडाचे सहा डबे. प्रत्येक डब्यावर सोनेरी अक्षरं... 'रूपेश केटरर्स, कोपरखैरणे. चव लक्षात राहील!'

"नमुने आणलेत," तो जमिनीकडे बघत पुटपुटला. "जुलाबाचे."

योगिनीने ओठ घट्ट मिटले. पण हसू डोळ्यांतून सांडलंच.

"हसा, हसा! अख्खं कोपरखैरणं शिव्या घालतंय, तुमीच तेवढ्या राहिला होता."

शनिवारी संकष्टीला त्याच्या हातचं हळदीचं जेवण झालं होतं, आणि रविवारपासून तीसेक पाहुण्यांना उलट्या-जुलाब. सगळ्यांचं बोट रूपेशच्या कोळंबीवर. येत्या शुक्रवारी दुसरी हळद होती. त्या घरच्यांनी कोळंबी निर्दोष ठरवायला बुधवार संध्याकाळपर्यंत मुदत दिली होती. ती ऑर्डर गेली की बापाच्या वेळेपासूनची चूल विझलीच म्हणायची.

"डबे धुतले होते?" तिने विचारलं.

"फिनेलनं! दोनदा!" त्याची छाती फुगली. "घाण आपल्याला चालत नाय."

"मग हे सगळे फुकट," ती हळूच म्हणाली. "फिनेल मिसळलं की तपासणीचा भरवसा राहत नाही." तिने झाकणालाच चमचा जोडलेल्या नव्या डब्या आणि बर्फाची पेटी पुढे सरकवली. "पुन्हा आणा. आणि हा चमचा... चव बघायला नाही हं."

"पुन्हा? मॅडम, एका काकीनं चप्पल दाखवली मला!"

"मग तुम्हीही चपला घालून जा. पळायला बऱ्या." ती हसली, आणि एकदम थबकली. स्वतःची संकष्टी तिला आठवली. "एक सांगा... उपवास म्हणून न जेवलेलं, तरी आजारी पडलेलं कुणी आहे?"

रूपेशने कपाळावर हात मारला. "भागीरथी मावशी! मांडवात नुसतं सरबत प्यायली, आणि चंद्र बघून घरीच जेवली."

"त्यांचाही आणा."

दुपारी तो घामाघूम होऊन परतला. सात डब्या. एका गालावर हळदीचा डाग.

योगिनीने आधी कार्डावरची झटपट चाचणी केली. एकच रेघ उमटली.

"एक रेघ म्हणजे... गेलो?"

"म्हणजे रोटा विषाणू नाही. अजून दुसरे आहेत. त्यांना पीसीआर मशीन शोधेल. जंतूंचं कल्चर बुधवारी कळेल."

तिच्याकडे बघत तो हळूच म्हणाला, "तुमी सकाळपासून काय खाल्लं नाय."

"सोमवार असतो माझा."

"आणि बुधवारी?"

"बुधवारी... तुमची कोळंबी निर्दोष ठरली, तर तीच खाईन. तुमच्याच हातची. शब्द!"

बुधवारी सकाळी तिने देवाला दोन फुलं जास्तच वाहिली. कल्चरमध्ये जुलाबाचा एकही जंतू उगवला नव्हता. मग मशीनच्या पडद्यावर एक रेघ आडवी सरकत सरकत एकदम वळली आणि वर चढली. दुसरी चढली. तिसरी... सातही! सगळ्या नमुन्यांत तोच जुलाबाचा विषाणू, नोरोव्हायरस. तिच्या छातीत ढोल वाजू लागले, तरी डॉक्टरांची सही होईपर्यंत तिने तोंडातून चकार शब्द काढला नाही.

रिपोर्ट न्यायला भागीरथी मावशी रूपेशच्या स्कूटरवरून स्वतः आली. योगिनीने समजावून सांगितलं, आणि मावशी पदर खोचून उठली.

"मी याचं शीत तोंडात घातलं नव्हतं, तरी माज्यात बी तोच हाय! सगल्यांच्या पोटात गेलेलं सारकं असं एक सरबतच, आन त्याचा बर्फ नवऱ्यामुलाच्या दोस्तांनी आनलेला. आता बगते कोन कोलंबीला बोलतं!"

कागद झेंड्यासारखा नाचवत ती निघाली. दुपारपर्यंत पालिकेची माणसं बर्फाच्या मागावर होती. चारला रूपेशचा फोन वाजला. शुक्रवारची हळद पक्की... आणि कोळंबी दुप्पट!

"जिंकलो, मॅडम!" तो काउंटरवर धावत आला.

"योगिनी म्हणा."

"योगिनी..." तो अडखळला. "सगळे मला दोषी म्हणत होते. तुमी का नाय म्हणालात?"

"सही झाली नव्हती."

"आणि आता झाली?"

"झाली." तिने नजर खाली वळवली, कानांच्या पाळ्या लाल झाल्या. "म्हणून आता बोलायला हरकत नाही... तुम्ही मला आवडता."

रूपेश दारापर्यंत उलटाच चालत गेला, खुर्चीला धडकला. "मी... मी चूल पेटवतो!" एवढं ओरडून पळाला.

सहा वाजता योगिनीने मशीन बंद केलं. साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, ओढणी सारखी केली, आणि कुणाला काही न सांगता ती कोपरखैरण्याच्या रिक्षात बसली.