राडकाताईचं पांघरूण

पिशवीतला पाव सकाळीच संपला होता. पुढच्या मुक्कामी, वाटसरूंना उतरवून घेणाऱ्या पेन्चोकाकाच्या डोंगरावरच्या घरात घेवड्याचं गरम सूप मिळेल, या आशेवर दोघी बहिणी चालत होत्या. राडका मोठी, येलित्सा धाकटी. गेल्या वर्षी राडका मोठ्या दुखण्यातून उठली, तेव्हाच तिने ठरवलं होतं, बाल्कन पर्वताच्या माथ्यावरून थेट काळ्या समुद्रापर्यंत पायी जायचं. लाटांत पाय बुडवून म्हणायचं, आले बाई एकदाची!

“दमलीस. सॅक दे इकडे,” येलित्सा म्हणाली.

“आधी स्वतःची सांभाळ, शेळपट!” असं म्हणत राडका झपाझप पुढे गेली.

धुकं आलं ते दरीतून, हळूच. त्याला ओल्या लोकरीचा वास होता. वाट दाखवणारे लोखंडी खांब एकेक करून पुसले गेले. मग राडकाही दिसेनाशी झाली. ऐकू मात्र येत होती.

“ये गं, इकडून… जपून, डावीकडे कडा आहे…”

येलित्सा आवाजामागे जात राहिली. तिचे बूट चिखलात फचफच वाजत होते. पुढच्या पावलांचा मात्र काहीच आवाज नव्हता. हे ध्यानात आलं तशी तिने हाक मारली.

“ताई, थांब ना जरा…”

“थांबायचं नाही. ये, सोन्या.”

राडका तिच्याशी इतक्या मऊ आवाजात कधीच बोलली नव्हती.

धुक्यातून घराचा दिवा दिसला. दार पेन्चोकाकाने उघडलं.

“ताई आत आली ना?”

“कोण ताई? आज आलेली तू पहिलीच, पोरी.”

येलित्साने मागच्या धुक्याकडे बोट दाखवलं. काकाने काही न विचारता दोर घेतला, कुत्रं घेतलं आणि जावयाला हाक मारली. अंधार पडायच्या आत त्यांनी राडकाला शोधून काढलं. धुकं उतरलं तिथेच तिचा पाय घसरला होता, ती कड्याखालच्या घळीत पडली होती. पाय मोडला होता. पण अंग उबदार होतं. गळ्यापर्यंत कुणीतरी तिला बीच वृक्षाच्या पानांत नीट गुंडाळून ठेवलं होतं. सगळा डोंगर ओलाचिंब, आणि पानं कोरडी ठणठणीत.

“वर माथ्यावर बीचचं एक झाड नाही,” काका पुटपुटला आणि त्याने छातीवर क्रूसाची खूण केली.

शेगडीपाशी राडकाला कंठ फुटला. येलित्साने तिचा हात घट्ट धरला होता.

“तू हाका मारल्यास म्हणून मी पोचले गं…”

“मी? माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता. तूच तर माझ्यापाशी बसली होतीस. ओंजळी भरभरून पानं आणत होतीस…”

काकाने वाइनचा पेला येलित्साच्या हातात दिला. तिने दार उघडलं आणि अर्धा पेला उंबऱ्याबाहेर ओतला. “जी कोणी असशील,” ती धुक्याला म्हणाली, “माझी बहीण मला परत दिलीस. जन्मभर विसरणार नाही.” रडता रडता तिला हसू फुटलं. किती हलकं वाटत होतं!

ती परत आली तेव्हा राडकाने तिला जवळ ओढलं.

“येली, पानं घालताना तू एकच विचारत होतीस… आपल्यात मोठी कोण, मोठी कोण… तुला ठाऊक नाही होय गं?”

येलित्साने दाराकडे पाहिलं. “मग… तू काय सांगितलंस?”

“म्हटलं, मोठी तूच. मी मधली, आणि येली धाकटी…” राडकाने डोळे मिटले. “असं का म्हणाले, कोण जाणे.”