कप्तान लुबर्टचे तीन ठोके

माणूस मरतो, पण त्याचा सूड मरत नाही. तो शतकं ओलांडतो, समुद्र ओलांडतो, आणि ज्याला गाठायचं त्याला गाठतोच. हे सत्य मी माझ्या दोन्ही कानांनी ऐकलेलं आहे.

दोन्ही म्हणजे उजव्या. डाव्या कानातल्या यंत्राची बॅटरी त्या दिवशी संपली होती.

तरीही घटना शंभर टक्के खरी आहे. चाळीस वर्षं मी साताऱ्याच्या एका साप्ताहिकात विनोदी सदर लिहिलं. आता निवृत्त होऊन सांगलीत राहतो. खोटं लिहिणं मी पूर्ण सोडलं आहे. मध्ये एकदाच मोह झाला. त्याचीच ही हकिकत.

तारीख चौदा मे, गेल्या वर्षीची. जागा कुपवाड एमआयडीसी. वेळ दुपारी दोन वाजून पंचवीस मिनिटं.

ही भुताची वेळ नाही, मला कळतं. पण हे भूत परदेशी होतं. त्यांचं घड्याळ वेगळं चालतं.

माझा साडू भाऊसो कुपवाडला मतीनच्या फाउंड्रीत एकतीस वर्षं कामाला आहे. तिथे पितळ आणि कांस्य ओतून पंपांचे भाग बनवतात, मुख्यतः बुश, म्हणजे दांड्याभोवती बसणारी कडी. भाऊसोचं काम तपासणीचं. टेबलावर आलेली वस्तू उचलायची, हातोडीने टिचकी मारून आवाज ऐकायचा. आवाज बद्द आला, चीर दिसली, की खडूने फुली. फुलीवाला माल संध्याकाळी परत भट्टीत. कुणी विचारत नाही, कुणी थांबवत नाही.

एकदा मतीनच्या वडिलांनी चुकून जेवणाचा डबा त्या टेबलावर ठेवला. त्यावरही फुली पडली.

"पोचा हाय," भाऊसो म्हणाला होता.

तर मागच्या वर्षी मतीनला थेट हॉलंडहून ऑर्डर आली. तिथल्या एका बंदरगावच्या संग्रहालयाला त्यांच्या वीरपुरुषाच्या जहाजावरच्या घंटेच्या बारा प्रतिकृती हव्या होत्या. नमुना म्हणून त्यांनी अस्सल घंटाच पाठवली. लाकडी पेटीत, पेंढ्यात गुंडाळून. सोबत इंग्रजी पुस्तिका. ती वाचायला मतीनने मला बोलावलं.

वीरपुरुषाचं नाव कप्तान लुबर्ट डीकेमा. कोळ्याचा पोर. विशीत स्पेनच्या लोकांनी पकडला, साखळी घालून चार वर्षं वल्ही मारायला लावली. सुटला तो सूड मनात घेऊनच. मग सरकारकडून शिक्क्याचा परवाना मिळवला, की शत्रूची जहाजं खुशाल लुटावीत. म्हणजे दरोडा तोच, फक्त टेंडर भरून. एका दिवसात त्याने चांदीने भरलेली सहा जहाजं धरली. गावाने त्याला खांद्यावर घेतलं. आज तिथे त्याचा पुतळा आहे, त्याच्या नावाची शाळा आहे आणि एक बिस्किटही आहे.

शेवटच्या लढाईत तोफेचा गोळा आधी घंटेला चाटून गेला आणि मग कप्तानाला लागला. घंटेला चीर पडली. कप्तान तिच्याखालीच गेला.

पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर त्याच्या जहाजाचा कायदा होता. जहाजाच्या वस्तूला हात लावणाऱ्याला घंटेचे तीन ठोके.

पहिल्या ठोक्याला त्याचं पिण्याचं पाणी बंद.

दुसऱ्याला हजेरीतून नाव कमी.

तिसऱ्याला माणूस समुद्रात.

"कडक माणूस होता," मतीन म्हणाला.

"मुकादम होण्याच्या लायकीचा," मी म्हणालो. आम्ही हसलो.

आता चूक कशी झाली ते सांगतो. भाऊसो तेव्हा पुतणीच्या लग्नासाठी फलटणला गेला होता. घंटेचं त्याला कुणी सांगितलंच नाही. साचे तयार झाल्यावर कुणीतरी घंटा नेऊन त्याच्या टेबलावर ठेवली. तिसऱ्या दिवशी भाऊसो कामावर आला. घंटा उचलली. टिचकी मारली.

आवाज बद्द.

चीर दोन इंच.

फुली.

पंधरा दिवसांनी मतीन धावत आला. "भाऊसोकाका, ती घंटा कुठाय?"

"ती फुटकी व्हय? नापास केली. त्याच राती वितळली."

"अहो काका, चारशे वर्षांची होती ती!"

"मग चारशे वर्सं कुनी तपासलीच न्हाई म्हनायची," भाऊसो म्हणाला आणि पुढचा बुश उचलला.

त्या घंटेचा धातू तोवर पंपांच्या बुशात गेला होता. बुश दुकानांत गेले होते. कप्तान लुबर्ट आता सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या कुठकुठल्या विहिरींत उतरला होता, ते खुद्द त्यालाही सांगता आलं नसतं.

मतीन रडकुंडीला आला. मग मला मोह झाला.

साचे होतेच. मी म्हणालो, बाराच्या जागी तेरा ओत. तेराव्या घंटेला छिन्नीने चीर पाड, धुरात काळी कर, आणि अस्सल म्हणून परत पाठव. पत्र मी लिहितो. त्या पत्रातलं एक वाक्य मला पाठ आहे. 'आपल्या थोर कप्तानांची मूळ घंटा सुखरूप परत पाठवीत आहोत.'

भाऊसोने त्या तेराव्या घंटेला हात लावला नाही. "हिला पास बी करनार न्हाई आन नापास बी न्हाई. ही वस्तूच न्हवं," म्हणाला.

एप्रिलच्या शेवटी पेट्या गेल्या. ट्रक फाटकाबाहेर पडला...

आणि आत ठोका पडला.

ठण्ण...

बद्द. चिरलेला. एकच.

कारखान्यात तेव्हा एकही घंटा नव्हती.

भाऊसोने पाण्याची बाटली तोंडाला लावली. लगेच थुंकला.

"आरं, मीठ कुनी घातलं रं यात?"

मतीनने तीच बाटली घेतली, प्यायला. पाणी गोड होतं.

भाऊसो परत प्यायला. खारं.

घरी माठातलं खारं. मिरजेला पाहुण्यांकडे गेला, खारं. शहाळं फोडलं, तेही खारं. गोड लागायचा तो फक्त उसाचा रस. दोन आठवडे माणूस रसावर जगला. दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यात असता तर तेव्हाच गेला असता.

मी ती पुस्तिका परत काढली. शेवटचं पान वाचलं.

या वेळी हसलो नाही.

आठ दिवसांनी, जेवणाच्या सुट्टीत... दुसरा ठोका.

भाऊसोने हजेरीच्या यंत्रावर अंगठा ठेवला. यंत्र म्हणालं, असा कोणी नाही. यात नवल नव्हतं. ओतकाम करणाऱ्यांचे अंगठे त्या यंत्राला कधीच ओळखू येत नाहीत. मतीनने जुनी कागदी रजिस्टरं काढली.

पान उलटलं... आणखी एक... आणखी एक...

वरच्या नावाची शाई होती. खालच्या नावाची होती. मधली ओळ कोरी.

एकतीस वर्षं कोरी.

संध्याकाळी मी भाऊसोच्या घरी गेलो. बनुबाई, म्हणजे माझ्या बायकोची धाकटी बहीण, दारातच बसली होती.

"दाजी, एक इचारू? हसू नगा."

"विचार."

"आमच्या मालकांचं नाव काय वो?"

मी चपला काढता काढता थांबलो.

"आवं, जन्मात कवा नावानं हाक मारली न्हाई. उखाण्यात घेतलं तेवढंच. आज सांजच्याला दिवा लावताना मनात घ्यायला गेले, तर..." तिने पदर तोंडाला लावला. "जागाच रिकामी हाय दाजी."

आत भाऊसो भिंतीला टेकून बसला होता. ओठ फुटले होते. एकच ठोका उरला होता आणि तो कशाचा हे आम्हाला तिघांनाही माहीत होतं.

चौदा मे. साप्ताहिक सुट्टी. कारखाना बंद.

मतीनने पाण्याचा हौद उपसून कोरडा केला होता, नळ काढून टाकले होते. भाऊसोला आम्ही साच्याच्या वाळूच्या खोलीत बसवलं. गुडघाभर कोरडी वाळू. समुद्र गाडीने पाच तासांवर. याहून सुरक्षित जागा आम्हाला सुचली नाही.

मतीनने तपासणीची चिठ्ठी आणली. "काका, पाया पडतो. घंटा पास होती, एवढं लिहा. त्याला तेवढंच हवं असेल."

"चीर व्हती."

"होती. पण आता जीव..."

"मतीन, चीर व्हती रं. दोन इंच. मोजलीया म्या. तुजा बा आसता तर त्यानं बी पास म्हन म्हनलं नसतं."

मी म्हणालो, "भाऊसो, अरे एका शब्दाचा प्रश्न आहे."

"तुमाला शब्द सोपं असत्यात पावनं. म्या आयुष्यात दोनच लिवलं. पास आन नापास. त्यातला एक खोटा लिवला तर ऱ्हायलं काय माज्याकडं?"

बनुबाई दाराशी उभी होती.

दोन वाजून वीस मिनिटं. पंखा थांबला... वीज मात्र होती. दिवा चालू होता.

बाहेरच्या रस्त्यावरचे ट्रक ऐकू येईनासे झाले. कावळे गप्प झाले.

मग दोर ताणल्यासारखा आवाज... कर्र... कर्र...

पत्र्याच्या छपराला दोर नसतात.

खालून, वाळूच्या खालून, काहीतरी मागे सरकत होतं... आणि परत पुढे येत होतं. दमाने. मागे... पुढे...

मासळीचा वास आला.

"पावनं," भाऊसो म्हणाला, "बनीला बाहीर न्या."

मी वळलो. तिचा दंड धरला.

ठण्ण...

हा ठोका छातीत पडला.

परत वळलो तर वाळूत बसलेल्या माणसाचा खळगा होता. शेजारी चपला होत्या. भाऊसो नव्हता.

खोलीला दार एकच. त्यात आम्ही तिघं उभे.

खळग्यात खालून पाणी भरत होतं. मतीनने बोट बुडवून जिभेला लावलं. "खारं," म्हणाला.

तेव्हा बनुबाई ओरडली. बायकोने नवऱ्याला मारायची नसते ती हाक. पण नावच आठवत नव्हतं. नुसता आवाज निघाला. तो मी अजून ऐकतो.

दोन चाळीसला मतीनचा फोन वाजला. अनोळखी नंबर.

"तुमचो माणूस आमका गावलो हा," पलीकडून कुणीतरी म्हणालं. "शर्टार कारखान्याचो नंबर छापलेलो आसा. वेंगुर्ल्याक, खोल पाण्यात होतो. जित्तो आसा. होडयेशिवाय हय कसो इलो तो?"

मध्ये पंधरा मिनिटं गेली होती.

आम्ही पोचलो तेव्हा दिवे लागले होते. भाऊसो कोळ्याच्या ओट्यावर घोंगडी पांघरून बसला होता. हातात तांब्या होता. गटागट पाणी पीत होता.

"गोड हाय," म्हणाला.

बनुबाई त्याच्या पुढ्यात बसली आणि सगळ्या गावासमोर म्हणाली, "भाऊसो." नंतर लाजली.

मी दमाने विचारलं, "काय झालं रे?"

त्याने तांब्या खाली ठेवला.

"जहाज व्हतं. लय मोठं. त्यो समोर हुबा व्हता. समद्या अंगातनं पानी गळत व्हतं, पर पायाखालची फळी कोरडी. डोळं असं... चार वर्सं साखळीत काढलेल्या मान्साचं असत्यात तसं. म्हनला, माज्या घंटंला नापास का केलं?"

"कुठल्या भाषेत?"

"ते न्हाई ठावं. समजलं."

"मग?"

"म्हनलं, चीर हाय. त्यो बघत ऱ्हायला. लय वेळ. मला वाटलं आता गेलो. मग म्हनला, व्हय. हाय चीर. माज्या गावातबी आजवर ह्ये कुनी बोललं न्हाई." भाऊसोने घोंगडी घट्ट केली. "वळला. परत फिरला. आन इचारलं, सुखरूप कुनी लिवलं?"

समुद्र आमच्या पाठीमागे होता. मी मागे बघितलं नाही.

"तू काय सांगितलंस?"

भाऊसोने माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत पाणी होतं, पण नजर हलली नाही.

"पावनं, म्या कवा खोटं बोललोय?"

रजिस्टरात त्याचं नाव परत आलं आहे. एकतीस वर्षांचं, त्याच शाईत. यंत्र अजून अंगठा घेत नाही, पण ते कुणाचाच घेत नाही.

मी त्याच आठवड्यात संग्रहालयाला कबुलीचं पत्र लिहिलं. सगळं खरं. त्यांचं उत्तर आलं, की पत्र वाचून आम्ही सगळे खूप हसलो, आपली विनोदबुद्धी थोर आहे. घंटेचा रंग फार खुलला आहे, कोणतं पॉलिश वापरलं?

म्हणजे तिथूनही सुटका नाही.

गेल्या महिन्यात दाढी करताना पहिला ठोका ऐकला. बायकोला ऐकू आला नाही. तेव्हापासून मी रसावर आहे. मला मधुमेह आहे, हे कप्तानाला माहीत असावं.

काल दुपारी दुसरा. या हकिकतीखाली लेखकाचं नाव दिसत नसेल तर तो माझा विनय समजू नये. मी तीन वेळा टाईप केलं.

आता एक छोटी विनंती. सांगली-मिरज भागात एकाहत्तर वर्षांच्या माणसाला पोहायला शिकवणारं कुणी माहीत असेल तर कृपया कळवावं. सकाळची वेळ चालेल.

कृष्णेत नको. मगरी आहेत.